पितळी किटमधून वाफेचं इंजिन: चेसिस आधी, बॉडी नंतर, रंग सगळ्यात शेवटी

पितळी पत्र्याच्या किटमधून बांधायला घेतलेली वाफेच्या रेल्वे इंजिनांची, विजेच्या मोटारीवर धावणारी छोटी मॉडेलं बहुधा दोन ठिकाणी अडतात. एक तर चाकं दर फेऱ्याला एकाच जागी आचके देतात, नाहीतर महिन्याभरात रंग कडेने सुटायला लागतो. दोष दिसतो तिथे आणि तेव्हा तो घडलेला नसतो. चाकांचा घोळ कपलिंग रॉडची (चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांची) भोकं मोठी करतानाच झालेला असतो आणि रंगाचा घोळ तीन आठवड्यांपूर्वी न धुतलेल्या फ्लक्समध्ये (सोल्डर धरावं म्हणून लावतात त्या द्रवात) असतो. म्हणून इथे क्रमावर जास्त भर दिला आहे.

उदाहरणासाठी ब्रिटनच्या एलएमएस (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश) रेल्वेचं ३एफ वर्गाचं ०-६-० (एकमेकांना जोडलेली सहा चाकं) टँक इंजिन, म्हणजे पाण्याच्या टाक्या अंगावरच असलेलं 'जिंटी', घेतलं आहे. माप ४ मिलिमीटरला एक फूट, रूळ १६.५ मिलिमीटरचे, म्हणजे ओओ गेज. भारतात मिळणारे एचओचे रूळही १६.५ मिलिमीटरचेच असल्यामुळे वेगळे रूळ शोधावे लागत नाहीत. पहिल्या किटसाठी हे इंजिन निवडण्याची दोन कारणं. सिलिंडर फ्रेमच्या आत असल्यामुळे बाहेर फक्त कपलिंग रॉड दिसतात, व्हॉल्व्ह गिअरची (सिलिंडरची वाफ नियंत्रित करणाऱ्या दांड्यांची) किचकट जुळवणी करावी लागत नाही. दुसरं, ते साध्या काळ्या रंगातही अगदी अस्सल दिसतं. देखण्या एक्स्प्रेस इंजिनाचं किट पहिल्यांदा घेऊ नका. ते अर्धवट राहण्याची शक्यता फार मोठी असते.

तयारी: टेबलावर काय हवं

सोल्डरिंग आयर्न निदान ५० वॉटचं आणि तापमान ठरवता येणारं घ्यावं. इलेक्ट्रॉनिक्सचं २५ वॉटचं सुईसारख्या टोकाचं आयर्न इथे चालत नाही. पितळ उष्णता झपाट्याने ओढून घेतं, बारीक टोक थंड पडतं, मग आपण ते तिथेच दाबून धरतो आणि सगळा पत्रा तापून वाकडा होतो. ३ ते ५ मिलिमीटर रुंद, छिन्नीसारखं टोक लावा. काम प्लायवूडच्या किंवा एमडीएफच्या तुकड्यावर करा. लोखंडी पाटी किंवा फरशी खालून उष्णता खाते.

सोल्डर तीन प्रकारचं लागतं.

- साधं ६०/४०, वितळण्याचं तापमान सुमारे १८८ अंश. चेसिस आणि मुख्य सांधे.
- १४५ अंशांचं. आधीचा सांधा न उघडता त्याच्या शेजारी बारीक भाग बसवण्यासाठी.
- ७० अंशांचं. फक्त व्हाइट मेटलच्या (कमी तापमानाला वितळणाऱ्या मऊ मिश्रधातूच्या) ओतीव भागांसाठी.

शेवटच्या दोन्हींत कॅडमियम असू शकतं आणि तिन्हींत शिसं असतं. खिडकी उघडी, पंखा धूर बाहेर नेणारा, आणि काम करताना चहा टेबलावर नको.

फ्लक्स फॉस्फोरिक ॲसिडचा हवा, सुमारे १२ टक्क्यांचा. द्रव ॲसिड विमानाच्या पार्सलने सहसा येत नाही, म्हणून परदेशी किटबरोबर ते मागवण्यात अर्थ नाही. रसायनांच्या दुकानात ८५ टक्क्यांचं मिळतं. मापाने १ भाग ॲसिड १० भाग पाण्यात घातलं की साधारण १२ टक्के होतं. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, कधीही उलट नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. रेडिओच्या कामाचा राळेचा फ्लक्स वापरू नका. तो कपारींत चिकटून राहतो आणि पुढे रंगाला धरू देत नाही.

याशिवाय बारीक कानशी, टेपर रिमर (भोक हळूहळू मोठं करणारं निमुळतं हत्यार), लहान गुण्या, डिजिटल कॅलिपर, पिन व्हाइस (बारीक ड्रिल धरून हाताने फिरवायची मूठ) आणि ०.४ ते २ मिलिमीटरची ड्रिलं, काचेचा जाड सपाट तुकडा आणि मल्टिमीटर. काचेला पर्याय नाही. चेसिस सरळ आहे की नाही हे तीच सांगते.

पायरी १: फ्रेट वाचा, कापू नका

पितळेच्या किंवा निकेल सिल्व्हरच्या ज्या पत्र्यात सगळे भाग कोरलेले येतात, तो फ्रेट. पहिला दिवस फक्त सूचनापत्र, फ्रेट आणि त्या विशिष्ट क्रमांकाच्या इंजिनाचे फोटो समोरासमोर ठेवण्यात घालवा. एकाच वर्गातल्या इंजिनांमध्येही फरक असतात, आणि किटमध्ये पर्यायी भाग दिलेले असतात. कोणता भाग वापरायचा नाही, त्यावर मार्करने फुली मारा.

फ्रेम स्पेसर, म्हणजे चेसिसच्या दोन फ्रेममध्ये अंतर राखणारे आडवे तुकडे, बहुधा तीन रुंदींचे येतात: ओओ, ईएम आणि पी४ या तीन गेजसाठी. चुकून रुंद स्पेसर लावले तर चाकं फ्रेमला घासतात, आणि हे कळतं तेव्हा सगळं सोल्डर झालेलं असतं. ओओचे स्पेसर आत्ताच खुणा करून ठेवा.

पायरी २: रिव्हेट, कापणी, घडी

हा क्रम बदलू नका. रिव्हेटचे उठाव भाग फ्रेटमध्ये असतानाच काढायचे. मागच्या बाजूला अर्धवट कोरलेले ठिपके दिसतात. बोथट केलेली टोकणी त्यांवर ठेवून, खाली कडक पुठ्ठा घेऊन, सारख्या दाबाने टोचा. ओळीत बरेच रिव्हेट झाले की पत्रा कमानीसारखा वळतो. तो सपाट लाकडावर बोटांनी हलकेच दाबून सरळ करा.

भाग सोडवताना खाली कडक पृष्ठभाग हवा. रबरी कटिंग मॅटवर पातं दाबलं की टॅबबरोबर भागाची कडही खाली दबते. टॅबचा उरलेला खुंट कानशीने काढा, आणि कडेवरून एकदा पूर्ण कानस फिरवा. कारखान्यात भाग कोरताना ॲसिड पत्रा दोन्ही बाजूंनी खातं, त्यामुळे कडेच्या मधोमध एक बारीक धार उरते. ती तशीच राहिली तर दोन भाग कधीच घट्ट भिडत नाहीत, फटीत सोल्डर भरावं लागतं आणि कोपरा गुण्यात येत नाही.

घडीची अर्धकोरीव रेघ सर्वसाधारणपणे घडीच्या आतल्या बाजूला राहते. सूचनापत्रात वेगळं लिहिलं असेल तरच उलट. लांब घडी बोटांनी घालू नका. दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये पत्रा पकडून संपूर्ण लांबी एकदम वळवा.

सावधान: घडी एकदाच. उलगडून पुन्हा घातली की पत्रा रेघेवर तुटतो. कोन बरोबर आला की आतून रेघेवर सोल्डरची पातळ धार सोडा.

पायरी ३: सोल्डर करण्याची रीत

दोन्ही भाग काचतंतूंच्या ब्रशने चकचकीत करा, फ्लक्स लावा, भाग धरा, आणि आयर्नच्या टोकावर टाचणीच्या डोक्याएवढं सोल्डर घेऊन सांध्याला टेकवा. आयर्न सुमारे ३५० अंशांवर. सोल्डर एका सेकंदात आत ओढलं गेलं पाहिजे. गोळा होऊन वर बसलं तर कारण तीनपैकी एक असतं: पत्रा मळलेला, फ्लक्स सुकलेला, किंवा टोक लहान.

लांब सांधा एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरळ ओढत नेऊ नका. आधी एका टोकाला एक ठिपका, दुसऱ्या टोकाला एक, मग मध्ये एक. आता गुण्या लावा. चूक असेल तर एक ठिपका गरम करून सुटतो, पूर्ण सांधा सुटत नाही. बरोबर असेल तर उरलेल्या जागा एकाआड एक भरा.

प्रत्येक बैठकीच्या शेवटी काम कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, सुकवा. उद्यावर टाकू नका. रात्रभरात पितळेवर हिरवट डाग येतात आणि जवळ पडलेल्या पोलादी ॲक्सल गंजतात. घरच्या सवयीने चिंच-मीठ वापरू नका. चकाकी येते, पण मीठ कपारीत राहतं आणि तिथूनच पितळ पुढे हिरवं पडत जातं.

पायरी ४: चेसिस

फ्रेममधली ॲक्सलची भोकं मुद्दाम थोडी लहान कोरलेली असतात. दोन्ही फ्रेम पाठीला पाठ लावून तात्पुरत्या सोल्डर करा आणि टेपर रिमर आलटून पालटून दोन्ही बाजूंनी फिरवा. एकाच बाजूने फिरवला तर भोक तिरकं होतं. बेअरिंग अंगठ्याच्या दाबाने बसलं की थांबा.

जिंटीचे चाकांमधले अंतर सारखे नाहीत. पुढच्या आणि मधल्या ॲक्सलमध्ये ८ फूट, मधल्या आणि मागच्यात ८ फूट ६ इंच, म्हणजे मॉडेलमध्ये ३२ आणि ३४ मिलिमीटर. फ्रेमवर आणि रॉडवर 'पुढे' असं मार्करने लिहा. रॉड उलटे लागले तर चेसिस फिरणारच नाही, आणि शोधणारा मोटारीला दोष देत बसतो.

कपलिंग रॉड सहसा दोन थर एकावर एक सोल्डर करून बनतात. थर जुळवताना भोकांत लाकडी टूथपिक घाला, लाकडाला सोल्डर चिकटत नाही. रॉड तयार झाले की ते फ्रेमवर धरून भोकांची केंद्रं तंतोतंत जुळतात का पाहा. चेसिस पूर्ण उभी करण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे.

आता फ्रेम वेगळ्या करून स्पेसर लावा, फक्त ठिपक्यांनी. बेअरिंगमध्ये १/८ इंची लांब ॲक्सल घालून चेसिस काचेवर ठेवा.

तपासणी
- तिन्ही ॲक्सल दोन्ही टोकांना काचेला टेकतात का? चेसिस न डुगडुगता उभी राहते का?
- वरून पाहता ॲक्सल एकमेकींना समांतर आहेत का? दोन्ही बाजूंनी कॅलिपरने अंतर मोजा.
- फ्रेम स्पेसरला गुण्यात आहेत का?

एकही उत्तर 'नाही' आलं तर स्पेसरचा ठिपका तापवून दुरुस्त करा. पूर्ण सांधे त्यानंतर. इथे घालवलेला एक तास पुढचे दोन दिवस वाचवतो.

पायरी ५: चाकं आणि क्वार्टरिंग

एका ॲक्सलवरच्या दोन चाकांच्या क्रँकपिन (कपलिंग रॉड ज्यांवर बसतात त्या खुंट्या) एकमेकींशी ९० अंशांत असतात. हा कोन जुळवणं म्हणजे क्वार्टरिंग. चौकोनी टोकांच्या ॲक्सलवर बसणारी चाकं हा कोन आपोआप घेतात, पहिल्या किटसाठी तीच घ्यावीत. दाबून बसवायची चाकं असतील तर जिग (चाकं ठरलेल्या कोनात धरणारा साचा) वापरा. इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो: कोन अगदी ९० हवा असं नाही, तो तिन्ही ॲक्सलवर सारखा हवा. तिन्ही ८८ असतील तर इंजिन झकास धावेल. एक ९० आणि दोन ८८ असतील तर अडकेल.

चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ओओसाठी १४.५ मिलिमीटर. ते चाक फिरवत तीन ठिकाणी मोजा. आकडे वेगळे आले तर चाक तिरकं बसलं आहे.

रॉड लावताना मोटार नको. चेसिस हाताने काचेवर ढकलायची.

१. एका बाजूचे रॉड लावा, ढकला.
२. ते काढून दुसऱ्या बाजूचे लावा, ढकला.
३. दोन्ही बाजूंचे लावा, ढकला.

निदान सोपं आहे. एकच बाजू लावली असताना अडकत असेल तर त्या बाजूच्या रॉडची लांबी आणि ॲक्सलमधलं अंतर जुळत नाही, किंवा क्रँकपिन तिरकी आहे. प्रत्येक बाजू स्वतंत्रपणे सुरळीत आणि दोन्ही मिळून अडकत असेल तर क्वार्टरिंग चुकलं आहे.

सावधान: अडकलं की रॉडची भोकं मोठी करत सुटू नका. क्रँकपिनभोवती सुमारे ०.१ मिलिमीटर सैलपणा पुरतो. क्वार्टरिंगची चूक भोक मोठं करून झाकली तर इंजिन पुढे धावेल आणि मागे येताना लंगडेल, आणि ते रॉड फेकून नवे करावे लागतील.

क्रँकपिनचा वॉशर सोल्डर करताना रॉड आणि वॉशरमध्ये तेल लावलेल्या पातळ कागदाची चकती घाला, नाहीतर रॉडही चिकटतो. नंतर कागद फाडून काढा.

पायरी ६: गिअरबॉक्स, मोटार, पिकअप

गिअरबॉक्स चेसिसबाहेर स्वतंत्र जोडून, मोटारीसह, दहा मिनिटं दोन्ही दिशांना चालवा. शंटिंगच्या इंजिनाला ४०:१ ते ६०:१ हे प्रमाण ठीक. घरघर एकसारखी असेल तर जुळणी बरोबर. लयीत 'खर्र-खर्र' आलं तर वर्म (मोटारीच्या दांड्यावरचा आट्यांचा गिअर) आणि गिअर फार जवळ आहेत किंवा गिअर तिरका आहे. वर्म पक्का करायला चिकटद्रव वापरलात तर थेंब बेअरिंगपर्यंत जाऊ देऊ नका.

पिकअप, म्हणजे चाकांतून वीज घेणाऱ्या तारा, ०.३ ते ०.३५ मिलिमीटरच्या फॉस्फर ब्राँझ तारेचे, चाकाच्या धातूच्या कड्याला मागून टेकणारे. दाब इतकाच की चाक बाजूला सरकलं तरी तार टेकून राहावी. जोरात दाबलेले पिकअप ब्रेकचं काम करतात. तारा तांब्याचा थर असलेल्या पट्टीवर सोल्डर करून ती पट्टी चेसिसला इपॉक्सीने चिकटवा.

तपासणी: मोटारीची एक तार सोडवून मल्टिमीटरने डाव्या-उजव्या पिकअपमध्ये, आणि प्रत्येक पिकअप व फ्रेममध्ये शॉर्ट आहे का पाहा. मगच रुळावर ठेवा. चेसिस सर्वांत कमी वेगात, वळणावर आणि पॉइंटवर (रूळ बदलण्याच्या सांध्यावर), दोन्ही दिशांना न अडखळता चालेपर्यंत बॉडीला हात लावायचा नाही.

पायरी ७: बॉडी

फूटप्लेटपासून, म्हणजे बॉडी ज्यावर उभी राहते त्या तळाच्या पत्र्यापासून, सुरुवात. ती लांब, पातळ आणि भोकाभोकांची असते, म्हणून सगळ्यात आधी वाकते. लाकडी पट्टीवर टेपने पक्की करूनच बाजूच्या पट्ट्या सोल्डर करा. चेसिसचे नट आत्ताच लावायचे. आट्यांना तेल लावून ठेवा, नाहीतर सोल्डर आत शिरून नट बाद होतो. नट बसले की चेसिस लावून चाकं फूटप्लेटला खालून कुठे टेकतात का पाहा.

मग बाजूच्या टाक्या, कॅब, बंकर (कोळशाची पेटी). कॅबचं छप्पर काढता येईल असं ठेवा, आत रंग द्यायचा आहे.

बॉयलर वळलेला आला असेल तर उत्तम. सपाट आला असेल तर जुन्या माउसपॅडवर ठेवून, बॉयलरपेक्षा कमी व्यासाची पोलादी दांडी त्यावर दाबत लाटा. पोळी लाटताना जसा दाब सगळीकडे सारखा, तसाच. हँडरेलची भोकं लाटण्यापूर्वी अर्धीच उघडा, पूर्ण मापाची भोकं असलेल्या रेषेवर पत्रा मोडतो. पत्रा मऊ करण्यासाठी गॅसवर तापवायची घाई करू नका. मऊ झालेला पत्रा पुढे बोटानेही चेपतो. जोडाची शिवण खालच्या बाजूला ठेवा. बॉयलर पक्का करण्याआधी चेसिस आणि मोटार आत बसवून पाहा, कारण मोटारीसाठी खालची खाच जवळजवळ नेहमीच थोडी वाढवावी लागते, आणि ते काम नंतर होत नाही. फायरबॉक्स जिंटीला चौकोनी खांद्यांचा, बेलपेअर पद्धतीचा आहे. त्या खांद्यांची गोलाई फोटोवरून घ्या. चेहऱ्याची ओळख तिथेच ठरते.

हँडरेल ०.४५ मिलिमीटर तारेचे. सरळ तार हवी असेल तर एक टोक व्हाइसमध्ये पकडून दुसरं पकडीने हलकं ओढा.

पायरी ८: व्हाइट मेटल आणि वजन

सर्व पितळी काम संपल्यावरच. आयर्न २०० ते २३० अंशांवर उतरवा. ७० अंशांचं सोल्डर पितळेला थेट धरत नाही, म्हणून पितळेच्या जागेवर आधी नेहमीच्या सोल्डरचा पातळ थर द्या आणि आयर्न उतरल्यावरच ओतीव भाग ठेवा. आयर्न ३५० वर विसरलं तर चिमणी डोळ्यांदेखत ओघळते. भीती वाटत असेल तर चिमणी आणि डोम इपॉक्सीने चिकटवा, काही बिघडत नाही. मात्र त्यांच्या घेराची कड आतून कानशीने पातळ करा, जाड कड खेळण्यासारखी दिसते. चिमणी समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून उभी आहे ना ते पाहा.

टाक्यांत शिसं भरा. तोल मधल्या ॲक्सलवर आला पाहिजे. शिशाच्या गोळ्या पांढऱ्या लाकूडचिकट गोंदात बसवू नका. तो शिशाशी प्रक्रिया करतो, मिश्रण फुगतं आणि काही महिन्यांनी टाक्यांचे सांधे फाटतात. इपॉक्सी वापरा.

पायरी ९: रंगाआधीची शेवटची धुलाई

जादा सोल्डर खरवडा, ब्रश फिरवा. मग सोडा आणि कोमट पाणी, मग भांड्यांचं लिक्विड, मग भरपूर साधं पाणी. अल्ट्रासॉनिक क्लीनर असेल तर उत्तम, पण चिकटवलेले भाग सुटले नाहीत ना ते पाहा. हेअर ड्रायरने सुकवा आणि एक रात्र झाकून ठेवा. सकाळी सांध्यांपाशी पांढरं-हिरवं काही दिसलं तर फ्लक्स अजून आत आहे, पुन्हा धुवा. आता इथून पुढे हातमोज्याशिवाय स्पर्श नाही. बोटाचं तेल दिसत नाही, पण प्रायमरला ते कळतं.

पायरी १०: प्रायमर आणि काळा रंग

पितळेवर साधा प्रायमर नखाने निघतो. धातूला धरणारा एच (etch) प्रायमर हवा. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात तो एच किंवा वॉश प्रायमर म्हणून मिळतो. तिथलाच जाड सरफेसर घेऊ नका, तो एका हातात सगळे रिव्हेट बुजवतो. दोन पातळ हात, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ, नंतर २४ तास.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर फवारणी जमेल तेवढी टाळा. हवेतला ओलावा सुकणाऱ्या थरावर बसतो आणि रंग दुधाळ होतो. करायचीच असेल तर एसीच्या खोलीत, आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली असताना.

एअरब्रशला ०.३ मिलिमीटरचं नोझल, १५ ते २० पीएसआय, अंतर १० ते १५ सेंटिमीटर. रंग भांड्याच्या कडेवरून एकसंध ओघळून मागे पारदर्शक पापुद्रा सोडेल इतका पातळ. आधी कोपरे, फूटप्लेटखालची बाजू, डोमचा घेर. मग मोठे भाग. शुद्ध काळा वापरू नका, सगळे बारकावे त्यात गिळले जातात. त्यात थोडा करडा किंवा तपकिरी मिसळा.

बफर बीमचा (इंजिनाच्या पुढच्या-मागच्या आडव्या पट्टीचा) लाल काळ्यावर दिला तर मळकट येतो. तिथे आधी फिकट करडा किंवा पांढरा हात देऊन लाल फवारा, तो पूर्ण सुकल्यावर मास्किंग टेपने झाका, मग बाकीचं इंजिन काळं करा.

सावधान: इनॅमलवर सेल्युलोज किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग कधीही देऊ नका, खालचा थर सुरकुततो. उलट क्रम चालतो.

चेसिस रंगवण्यासाठी पूर्ण सुटी करा. बेअरिंग, चाकांची कडा आणि पिकअप झाका.

पायरी ११: अक्षरं, वार्निश, जोडणी

पाण्याने सरकणाऱ्या ट्रान्सफरना (अक्षरांच्या छापील पापुद्र्यांना) चकचकीत पृष्ठभाग हवा. मॅट रंगाच्या खरबरीत पृष्ठभागावर खाली हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी झाक येते. म्हणून आधी ग्लॉस वार्निश, ते एक-दोन दिवस वाळल्यावर ट्रान्सफर. टाकीवर लावण्याआधी पेन्सिलने नव्हे, टेपच्या कडेने आधाररेषा घ्या. अक्षरं सुकल्यावर कडेचा गोंद ओल्या ब्रशने पुसा आणि सगळ्यावर एकच सॅटिन वार्निश द्या, म्हणजे अक्षरांचा आणि रंगाचा पोत एक होतो.

चेसिस परत जोडताना पायरी ५ ची ढकलून पाहण्याची तपासणी पुन्हा करा. बेअरिंगमध्ये गेलेला रंगाचा पातळ थरही चाक अडवतो. तो टेपर रिमरने नाही, लाकडी काडी आणि थिनरने काढा. प्रत्येक बेअरिंगला आणि क्रँकपिनला सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब, गिअरला किंचित ग्रीस. मग खिडक्यांच्या काचा, बंकरमध्ये खरा कोळसा कुटून बारीक केलेला, आणि अर्धा तास प्रत्येक दिशेला, निम्म्या वेगाने, मोकळं चालवा.